एक खांब, चार घरं आणि आडवे पट्टे

लोणावळ्यात पावसाळ्यात टीव्ही बघायचा तर आधी पत्र्यावर चढता यायला हवं. आमच्या गल्लीत चार घरांत टीव्ही होते आणि चौघांचेही अँटेना पत्र्यावर. वारा सुटला की रोज सकाळी कोणाचा तरी अँटेना कोणाच्या तरी परसात सापडायचा. तो परत नेण्याची एक रीतच पडून गेली होती. ज्याच्या परसात पडला तो काही बोलायचा नाही. ज्याचा पडला तो "गुलाबाला कळी धरली का, बघायला आलो" असं म्हणत यायचा आणि जाताना अँटेना काखेत मारून जायचा. एकदा टिपणीसांचा अँटेना आमच्या न्हाणीघराच्या पत्र्यावर पडला. आत मी होतो. त्या दिवशी अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत मला कल्पना सुचली, की चार घरांचा मिळून एकच खांब का असू नये.

मी लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात हेडक्लार्क आहे. दिवसभर लोकांच्या चिक्कीच्या खोक्यांना वाटेला लावणाऱ्या माणसाला आयुष्यात एखादं मोठं कार्य करावंसं वाटलं तर त्यात गैर काही नाही. माझी योजना साधी होती. घरांमागच्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे, तिच्याशेजारी मजबूत लोखंडी खांब उभा करायचा, त्यावर एक दांडगा अँटेना, तिथून चपटी वायर खाली माझ्या घराच्या भिंतीवरच्या लाकडी पेटीत, आणि पेटीतून चार वायरी चार घरांना. पेटी माझ्याच भिंतीवर का, असा प्रश्न टिपणीसांनी विचारला. माझं घर मध्ये आहे म्हणून, असं मी सांगितलं. खरं म्हणजे ते कडेला आहे, पण त्या वेळी कोणी उठून मोजलं नाही.

टेकडी नगरपालिकेची होती आणि टाकी पाणीपुरवठ्याची. मधली हातभर जागा दोघांपैकी कोणाचीच नव्हती, त्यामुळे परवानगी दोघांचीही लागत होती. पाणीपुरवठ्याच्या ओव्हरसियरनं मला तीन वेळा बोलावून घेतलं आणि खांबामुळे नळाचा जोर कमी होणार नाही ना, याची खात्री करून घेतली. तुम्ही वायरीतून खाली नेमकं काय नेणार, असं त्यांनी विचारलं. चित्र, असं मी म्हणालो. ते बराच वेळ टाकीकडे बघत राहिले. टीव्हीचे परवाने पोस्टात मिळायचे. तिथल्या मास्तरांना तर निराळंच कोडं पडलं. खांब एक आणि टीव्ही चार, तेव्हा परवाना एक का चार? बरं, चित्र चौघांत वाटून घेणार म्हणजे प्रत्येकाला पावच येणार, मग पूर्ण परवाना घ्यायचा कशाला? हा प्रश्न पुण्याला विचारणेसाठी गेला आणि तो अजून तिथेच आहे.

खांब उभा केला तो बजरंगनं. बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान असलेला हा गृहस्थ बेलबॉटम घालायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलताना त्याच्याकडे न बघता त्याच्या रेडिओकडे बघायचा. त्यानं वायरी ओढल्या, पेटीत स्क्रू पिळले आणि संध्याकाळी चारही घरांत मुंबईच्या बातम्या अशा काही स्वच्छ दिसल्या की निवेदिकेच्या कानातले खडे किती, यावर गल्लीत वाद झाला. मला सर्वानुमते खांबाचा चिटणीस नेमण्यात आलं. पुढचा आठवडा माझ्या आयुष्यातला सोन्याचा होता. टिपणीससुद्धा समोरून येताना आधी नमस्कार करायचे.

मग पट्टे यायला लागले.

आधी वाटलं, मुंबईचंच काहीतरी बिघडलं असेल. पण सात वाजले की चित्रावर आडवे जाड पट्टे खालून वर सरकायचे, दोन मिनिटं राहायचे, थांबायचे, पुन्हा यायचे. कधी बारीक रवाळ ठिपके पडायचे. कधी कडेकडेनं झालर लागल्यासारखं व्हायचं. बजरंगला बोलावलं. त्यानं टीव्हीकडे बघत निकाल दिला.

"साहेब, तार म्हणजे एकेरी रस्ता नाही. आपल्या घाटासारखी आहे ती. वरून गाड्या उतरतात तशा खालून चढतातही. कुणीतरी घरात मोटर चालवतोय. तिचा कचरा त्याच्या तारेतून उलटा चढतो, तुमच्या पेटीत येतो आणि तिथून चौघांच्या घरी उतरतो."

"मग कोणाचा ते शोधायचं कसं?"

"एकेकाची तार काढायची. जिची काढल्यावर चित्र साफ झालं, तो चोर."

हे सांगताना त्यानं चोर हा शब्द वापरायला नको होता. तो शब्द संध्याकाळपर्यंत चारही घरांत पोचला आणि त्यानंतर तार काढून द्यायला कोणीही तयार होईना. ज्याची पहिली काढली त्याच्यावर आपला पहिला संशय, असा सरळ अर्थ लागत होता.

तोवर गल्लीनं दुसरंच शास्त्र शिकून घेतलं. लोक बातम्या बघेनासे झाले आणि पट्टे वाचायला लागले. रवाळ ठिपके म्हणजे दातांचे डॉक्टर सुखटणकर, त्यांच्या घरातल्या दवाखान्याची दाढ कोरायची मोटर. आपला दवाखाना सहाला म्हणजे सहाला बंद होतो, नंतर देव आला तरी दाढ बघणार नाही, असं ते अभिमानानं सांगत. आता साडेसातला ठिपके पडले की आमची सौ. नलू म्हणे, "डॉक्टरांकडे कोणीतरी पैसेवाला आलाय." कडेची झालर शालूबाईंच्या मोटरवरच्या शिवणाच्या मशीनची. शालूबाईंनी डोळ्यांचं निमित्त सांगून शिवणकाम सोडलं होतं, ते केवळ सौ. सुखटणकरांचे ब्लाउज फुकट शिवावे लागू नयेत म्हणून. एका संध्याकाळी अर्धा तास सलग झालर लागली आणि सौ. सुखटणकर टीव्ही चालू ठेवूनच शालूबाईंकडे मापाचं ब्लाउज घेऊन गेल्या. आमच्या घराचीही एक खूण होती. पावसाळ्यात कपड्यांना बुरशी धरू नये म्हणून नलू कपाटात रात्रंदिवस दिवा लावून ठेवते. त्याचं होल्डर सैल होतं आणि त्यानं चित्रावर मधूनच चिमटा बसायचा. "पळसुल्यांचा सूट वाळतोय," असं म्हणायची पद्धत पडली. माझ्याकडे एकच सूट आहे, हे गल्लीला त्यावरून कळलं, आणि चिटणीसाच्या मानाला ते शोभणारं नव्हतं.

राहिले जाड पट्टे. ते टिपणीसांच्या घरचे, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, पण म्हणणार कोण? टिपणीस निवृत्त शिक्षणाधिकारी. गेल्या गणेशोत्सवात त्यांनी 'यंत्र आणि गृहिणी' या विषयावर दीड तास भाषण केलं होतं. पाटा-वरवंट्यानं स्त्रीचा दंड कसा घडतो, मिक्सरनं संसाराची चव कशी जाते, आणि आपल्या घरात असली वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही, हे त्यांनी हात वर करून सांगितलं होतं. पुढे दिवाळीत मुंबईच्या मुलाकडून एक जड खोकं त्यांच्या घरी आलं. ते आमच्याच पार्सल ऑफिसातून गेलं, त्यामुळे त्यात काय होतं ते मला माहीत होतं. पण पार्सलातला माल गुप्त ठेवणं हा आमच्या खात्याचा धर्म आहे, आणि मी तो पाळला. नलूला सांगितलं तेवढंच.

हे सगळं असंच हसतखेळत चाललं असतं. पण मध्ये पुतळाबाई आल्या.

पुतळाबाई जवळच्या कुरवंडे गावच्या. आमच्याकडे दुधाचा रतीब त्यांचा. नवरा रेल्वेच्या गँगवर कल्याणकडे, घरात शेती बघायची ती यांनी आणि धाकट्या दिरानं, रखमाजीनं. बाईंनी मागच्या वर्षी ग्रामसेविकेच्या सांगण्यावरून भाताची लावणी दोरी धरून ओळीत केली होती. सगळं गाव बांधावर उभं राहून हसलं होतं. पीक मात्र असं आलं की ग्रामसेविकेनं त्यांना मुंबईला नेऊन टीव्हीवरच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बोलायला लावलं. परत आल्यावर बाईंनी गावात सांगितलं आणि कोणाचाही विश्वास बसला नाही. वैनी मुंबईला नाही, माहेरी भांडून गेली होती, असं रखमाजीनं चावडीवर सांगून टाकलं. तेव्हापासून बाईंनी काहीही म्हटलं, म्हशीला ताप आलाय म्हटलं तरी, "टीव्हीवर दाखवलं का?" असं बायका विचारायच्या.

त्या सकाळी त्या दूध घालून तिथेच उभ्या राहिल्या. मागे घोंगडी घेऊन रखमाजी उभा होता.

"सायेब, येत्या शनिवारी लागनार हाय. ग्रामसेविका बाईंनी निरोप धाडलाय. तुमच्याकडं गावातली मानसं आनू का बघायला?"

रखमाजी मागून म्हणाला, "आना की. मीबी येतो. दिसली तर दिसली. न्हाई दिसली तर मंग वैनीनं गावात तोंड उघडायचं न्हाई. असं ठरलंय आमचं."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते बघून माझं डोकं फिरलं. मी म्हणालो की चित्र स्वच्छ दिसेल, केस न् केस मोजता येईल, खांबाचा चिटणीस म्हणून मी शब्द देतो. पुतळाबाईंनी मापाच्या वर एक पळी दूध जास्त ओतलं आणि गेल्या. मला तेव्हा कळलं की आपण काय बोलून बसलो आहोत. शेतीचा कार्यक्रम सातच्या सुमाराला लागतो. टिपणीसांच्या घरी चटणी वाटायचीही तीच वेळ.

मी चौघांची बैठक बोलावली. सगळ्यांना पुतळाबाईंचं सांगितलं आणि सगळ्यांना त्यांच्याबद्दल फार वाटलं. सगळ्यांकडे दूध त्यांचंच होतं. मात्र तार कोणाची आधी काढायची, इथे गाडी अडली. डॉक्टर म्हणाले, वयानं मोठे त्यांची. टिपणीस म्हणाले, ज्यांचा धंदाच यंत्रावर चालतो, त्यांची. शालूबाई म्हणाल्या, विधवेची तार आधी काढणार असाल तर मला काही बोलायचं नाही. शेवटी मी तोडगा काढला, की चारही तारा एकदम काढायच्या आणि एकेक जोडत जायचं, म्हणजे पहिला संशय कोणावरच नाही. त्यावर सगळे खूश झाले आणि लगेच शेवटी कोणाची जोडायची यावरून पुन्हा जुंपली.

ही तपासणी शुक्रवारी संध्याकाळी झाली. बजरंग पेटीशी, मी टीव्हीशी. आधी आमची तार जोडली, चित्र स्वच्छ. दुसरी जोडली, स्वच्छ. तिसरी, चौथी, सगळं लख्ख. एक पट्टा नाही, एक ठिपका नाही. अर्थात नव्हताच येणार. प्रत्येक घरानं आपापलं यंत्र आधीच बंद करून वर पांघरूण घातलं होतं. डॉक्टरांनी तर दवाखान्याचा मेन फ्यूजच काढून खिशात ठेवला होता. चारही आरोपी निर्दोष सुटले आणि एकमेकांचं अभिनंदन करून घरी गेले. तपास संपल्याच्या आनंदात टिपणीसांकडे त्या रात्री पुरणाचा बेत झाला, हे आम्हाला पडद्यावर कळलं.

शनिवारी मी सकाळपासून घरोघर फिरलो. डॉक्टरांना हात जोडले, ते लगेच तयार झाले. शालूबाईंनी मशीनची सुईच काढून माझ्या हातात दिली. नलूनं कपाटातला दिवा काढला आणि सूटचं जे होईल ते होईल म्हणाली. टिपणीसांकडे गेलो तेव्हा ते पेपर वाचत होते. आज सात वाजता सर्वांनी आपापली यंत्रं बंद ठेवायची ठरली आहेत, असं मी म्हणालो. ते म्हणाले, उत्तम. मी म्हणालो, विशेषतः मोटरची. ते म्हणाले, ज्यांच्याकडे असतील त्यांनी अवश्य ठेवावीत. आतून टिपणीसकाकूंनी पडद्यातून माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना बहुधा मी वस्तूचं नाव घेऊन बोलावं असं वाटत होतं. मी चहा घेऊन परत आलो.

सहा वाजल्यापासून कुरवंडं आमच्या घरात उतरायला लागलं. पाऊस मुसळधार होता. दारात इरली आणि घोंगड्यांचा ढीग पडला, बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. भामाबाई म्हणून एक म्हातारी टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली आणि तिनं पडद्याला हात लावून तो गरम आहे का ते बघितलं. रखमाजी पुढच्या ओळीत मांडी घालून बसला. पुतळाबाई मात्र मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. नेसूचं लुगडं ठेवणीतलं होतं आणि ते खालून गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. टिपणीस आले. प्रतिष्ठित माणूस म्हणून त्यांना एकुलत्या एका आरामखुर्चीत बसवलं.

कार्यक्रम लागला. खतांबद्दल एक साहेब बोलले. मग निवेदक म्हणाला की आता आपण मावळ तालुक्यातल्या एका शेतकरी भगिनीशी बोलणार आहोत. त्याच क्षणी पडद्यावर आडवे जाड पट्टे चढायला लागले. असे जाड मी आजवर पाहिले नव्हते. पट्ट्यांच्या आड कोणीतरी बसलेलं होतं. बाई असेल, पोतंही असेल.

"कुटं हाय वैनी?" रखमाजी म्हणाला. "मला तर पट्ट्यांची चादर दिसती."

लोक हसले. मी मागे बघितलं. पुतळाबाईंनी खाली बघितलं होतं. मी टिपणीसांकडे बघितलं. ते खुर्चीत ताठ बसून पडद्याकडे बघत होते आणि त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं. तेव्हा मला त्यांची अडचण कळली. भिंतीपलीकडे त्यांच्या घरात मिक्सर फिरत होता. तो बंद करा असं सांगायला त्यांना उठावं लागलं असतं, आणि उठणं म्हणजे तो आहे असं कबूल करणं. सकाळी काकूंनाही त्यांनी काही सांगितलं नसणार, कारण त्यासाठी तोंडानं 'मिक्सर' म्हणावं लागलं असतं. माणूस तत्त्वाचा होता. मला त्या क्षणी त्यांची चीड आली, आणि थोडी कीवही आली.

मी उठलो, माणसांच्या डोक्यांवरून पाय टाकत दारातून बाहेर पडलो आणि पावसात भिंतीवरच्या पेटीशी गेलो. टिपणीसांची तार दुसरी. ती धरून मी सगळा जोर लावून ओढली. ती निघाली. तिच्याबरोबर आमच्या तारेचा स्क्रूही निघाला आणि चिखलात कुठे गेला ते कळलं नाही. आतून एकच गलका आला, की आता तर काहीच दिसत नाही. मी आमच्या तारेची दोन टोकं दोन अंगठ्यांनी पेटीवर दाबून धरली. गलका थांबला.

"दिसलं का?" मी ओरडलो.

कोणी उत्तर दिलं नाही. म्हणजे दिसलं असणार. पेटी खिडकीशेजारीच आहे, पण खिडकीत कुरवंड्याच्या चार रुंद पाठी होत्या. अंगठा हलवावा तर आत आरडाओरडा व्हायचा. त्यामुळे ज्या कार्यक्रमासाठी मी जिवाचं रान केलं तो मी पागोळीखाली, मान वाकडी करून, नुसता ऐकला.

निवेदक विचारत होता, "ही ओळीत लावणी करण्याची कल्पना तुम्हाला कोणी दिली?"

"आमच्या ग्रामसेविका बाईंनी," पुतळाबाईंचा आवाज आला. रोज सकाळी दारात यायचा तोच, फक्त जरा दबलेला. "पन मी केली ती आमच्या दिरामुळं. रखमाजी नाव त्यांचं."

"अरे वा. त्यांनी प्रोत्साहन दिलं?"

"न्हाई. ते म्हनले, अशी दोरी धरून लावनी केली तर दाना भरनार न्हाई. म्हनून केली."

"आणि मग?"

"भरला की."

आत जो हशा झाला त्यानं पत्रे हलले. भामाबाई म्हातारी, "आगं हीच गं बया, हीच ती," म्हणत सगळ्यांच्या वर ओरडत होती. टिपणीससुद्धा हसले असं नलूनं मला नंतर सांगितलं. त्यांचं हसणं मोकळं होतं म्हणे. पट्टे गेल्यामुळे ते सुटले होते. आपल्या घरचा टीव्ही त्या वेळी बंद पडल्याची तक्रार त्यांनी पुढे कधीच केली नाही. ती तार मी मुद्दाम आठवडाभर जोडली नाही, तरी केली नाही.

कार्यक्रम संपला तशी माणसं बाहेर पडायला लागली. बायकांनी पुतळाबाईंना मध्ये घेतलं होतं. कोणी त्यांच्या हाताला हात लावून बघत होतं. सगळ्यांच्या शेवटी रखमाजी आला. मला वाटलं, तोंड लपवून जाईल. पण तो पायरीवर थांबला, छाती काढून उभा राहिला, आणि मला पेटीशी बघून जवळ आला.

"सायेब, माझं नाव घ्येतलं. टीव्हीत. तुमी ऐकलं न्हवं?"

ऐकलं, असं मी म्हणालो.

"तुमी साक्षीला ऱ्हावा. निम्मं गाव आलंच न्हाई बगा, पावसाचं घरातच बसलं. त्येंनी न्हाई बघितलं. आता त्येंना सांगायचं कसं? माझ्यावर कोन इस्वास ठिवनार?"

पुढे गेलेल्या पुतळाबाई थांबल्या. पावसात तशाच मागे वळल्या.

"चला भावजी," त्या म्हणाल्या. "मी सांगंन की गावात."

रखमाजीनं डोक्यावरची घोंगडी काढली, ती त्यांच्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत त्यांच्या मागोमाग निघाला. वाटेत भेटेल त्याला तो बहुधा काहीतरी सांगत होता, आणि दर वेळी त्यांच्याकडे बघून खात्री करून घेत होता. वळणापर्यंत मला ते दिसले. आत टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. मी अजून दोन्ही अंगठ्यांनी तार दाबून उभाच होतो, कारण सोडा म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं.